माळ्यावरचा कागद आणि कारीचे दप्तर

१/ नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेतील एका लिलावात ‘सुपरमॅन’ या कॉमिकच्या पहिल्या अंकाला ९१ लाख २० हजार डॉलर मिळाले. १९३९ साली त्याची किंमत होती १० सेंट. दिवंगत आईच्या घराच्या माळ्यावर, जुन्या वर्तमानपत्रांखाली ठेवलेल्या खोक्यात तो तिच्या तीन मुलांना सापडला. लहानपणी तिने आणि तिच्या भावाने ही कॉमिक जमवली होती.

२/ या अंकाच्या लाखो प्रती निघाल्या होत्या. बहुतेक वाचून फाटल्या, कित्येक युद्धकाळात रद्दीत गेल्या. उरलेल्या प्रतीचे मोल ती जपणाऱ्यामुळे वाढले. भोर-वेल्ह्याच्या डोंगरखोऱ्यांतही असाच एक कागद टिकला. त्याचा लिलाव मात्र कधी झाला नाही.

३/ भोर तालुक्यातील कारी हे रोहिडखोऱ्याचे देशमुख जेधे यांचे गाव. अफजलखान स्वराज्यावर चालून आला, तेव्हा कान्होजी जेध्यांना विजापूरचे फर्मान आले: खानास सामील व्हावे. तारीख १६ जून १६५९. आज्ञा मोडल्यास वतन जाणार, हे उघड होते.

४/ कान्होजी पाच पुत्रांसह आजच्या वेल्हे भागातील राजगडावर गेले आणि शिवाजी महाराजांसमोर त्यांनी वतनावर पाणी सोडले. त्याच खोऱ्यातील उत्रौळीचे खंडोजी खोपडे मात्र खानास मिळाले.

५/ देशमुखी घराण्यांत कागद जपले जात, त्यामागे व्यवहार होता. वतनाचा तंटा गोतसभेपुढे गेला की जुना महजर किंवा सनद हाच पुरावा. म्हणून दप्तरे रुमालात बांधून पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली गेली. वतन बुडवू पाहणारे ते फर्मानही जेध्यांच्या दप्तरात राहिले.

६/ याच घराण्याकडे एक शकावली होती, म्हणजे तिथीवार घटनांची नोंद. तिचा काळ इ. स. १६१८ ते १६९७. कारीचे दयाजीराव सर्जेराव ऊर्फ दाजीसाहेब जेधे देशमुख यांच्याकडून ती लोकमान्य टिळकांच्या हाती आली. १९१६ साली ती भारत इतिहास संशोधक मंडळातर्फे प्रसिद्ध झाली.

७/ तोवर महाराजांचा जन्म वैशाख शुद्ध २, शके १५४९ (इ. स. १६२७) असा सर्रास मानला जाई. शकावलीत तिथी निघाली फाल्गुन वद्य ३, शके १५५१. म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. पुढे स. म. दिवेकरांनी १९२७ साली प्रसिद्ध केलेल्या ‘शिवभारता’तही हीच तिथी आढळली. आजची शासकीय शिवजयंती याच तारखेची.

८/ स्वातंत्र्यानंतर वतने कायद्याने रद्द झाली आणि दप्तरांचे व्यावहारिक प्रयोजन संपले. मोडी वाचणारेही विरळ झाले. ज्या कागदावर घराण्याचा हक्क उभा होता, तो घरच्यांनाच वाचता येईना. वाडा पडला की रुमाल रद्दीत जाऊ लागले.

९/ १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार ७५ वर्षांहून जुने ऐतिहासिक मोलाचे हस्तलिखित खासगी व्यक्तीस परदेशी पाठवता येत नाही. पुरावस्तूंच्या व्यापारालाही परवाना लागतो. मात्र दप्तरातून एकच आकर्षक पान विकले गेले, तर ते कोणत्या घरचे आणि कोणत्या तंट्यातले, ही साखळी तुटते. तिला कायदा जोडू शकत नाही.

१०/ त्या कॉमिकसोबत आईची हकीकतही जगापुढे आली. जेधे शकावलीचे वजनही असेच वाढते: ती कोणाकडे होती, कोठून आली, हे ठाऊक आहे.

११/ घराच्या माळ्यावर मोडी रुमाल असेल, तर तो सुटा करू नये. कागदांचा क्रम न मोडता छायाचित्रे काढावीत, घराण्याची आठवण सोबत लिहून ठेवावी आणि पुण्यातील भारत इतिहास संशोधक मंडळात किंवा पुरालेखागारात जाणकारांस दाखवावा.