घरचा कॉम्प्युटर इंटरनेट लावलं की हँग होतोय? दुकानात नेण्याआधी हे क्रमाने तपासा

शिष्यवृत्तीचा अर्ज असो, पीकविम्याचा असो की प्रवेशाचा, शेवटच्या दिवशी कागदपत्रं अपलोड होत आली की नेमका कॉम्प्युटर अडकतो. गोल चक्र फिरत राहतं, बटण दाबलं तरी काही होत नाही. इंटरनेट बंद असताना तोच कॉम्प्युटर नीट चालतो. ब्राउझर उघडला की दहा मिनिटांत हँग.

अशा वेळी बरेच जण थेट मशीन उचलून तालुक्याला नेतात. तिथे सगळं पुसून विंडोज नव्याने टाकली जाते. खर्च होतो तो होतोच, पण आधी कॉपी काढली नसेल तर लग्नाचे फोटो, मुलांची प्रमाणपत्रं, स्कॅन केलेले सातबारे असं सगळं जातं. प्रत्यक्षात अनेकदा कारण छोटं असतं आणि घरीच सापडतं. खालच्या पायऱ्या मोबाईलवर वाचत वाचत कॉम्प्युटरवर करून पाहता येतील. क्रम मात्र मोडू नका.

आत्ता अडकलाय, अर्ज अर्धवट आहे. काय करायचं?

पहिलं काम म्हणजे मोबाईलने स्क्रीनचा फोटो काढा. अर्ज क्रमांक, भरलेली माहिती, पैसे भरल्याचा संदेश, जे दिसतंय ते फोटोत येऊ द्या.

मग की-बोर्डवरचं 'कॅप्स लॉक' बटण दोन-तीनदा दाबा. त्याचा छोटा दिवा लागत-विझत असेल तर कॉम्प्युटर आतून चालू आहे, बहुधा फक्त ब्राउझर अडकलाय. मग दोन-तीन मिनिटं थांबा. वारंवार क्लिक करू नका. प्रत्येक क्लिकचं काम रांगेत लागतं आणि गोंधळ वाढतो.

तरी सुटलं नाही तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. 'टास्क मॅनेजर' उघडेल. यादीत ब्राउझरच्या नावावर क्लिक करून 'एंड टास्क' करा. ब्राउझर बंद होईल, बाकी काम शाबूत राहील. न जतन केलेला अर्ज मात्र पुन्हा भरावा लागू शकतो.

कॅप्स लॉकचा दिवाही हलत नसेल आणि पाच-दहा मिनिटं थांबूनही काही होत नसेल, तरच पॉवरचं बटण मशीन बंद होईपर्यंत दाबून धरा. हा शेवटचा उपाय. वायर ओढून बंद करण्याची सवय लागली तर फाईली खराब होतात.

पैसे भरताना अडकलं असेल तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. आधी बँकेचा मेसेज बघा, पुन्हा लॉगिन करून पैसे जमा दिसतात का ते पाहा.

दोष नेटचा की कॉम्प्युटरचा?

पान न उघडणं आणि कॉम्प्युटर हँग होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माउस नीट हलतोय, फाईली पटापट उघडताहेत, फक्त पान गोल फिरतंय, तर दोष बहुधा नेटचा किंवा त्या वेबसाईटवरच्या गर्दीचा. खात्री करायची तर तेच पान त्याच नेटवर मोबाईलमध्ये उघडा. तिथेही अडत असेल तर कॉम्प्युटर निर्दोष. अशा वेळी पहाटे किंवा रात्री उशिरा प्रयत्न केलेला बरा.

टास्क मॅनेजरचे तीन आकडे

टास्क मॅनेजरमध्ये वर तीन रकाने दिसतात: सीपीयू, मेमरी आणि डिस्क. रकाने दिसत नसतील तर खाली 'मोअर डिटेल्स' वर क्लिक करा. ब्राउझर चालू ठेवून पाच मिनिटं या आकड्यांवर लक्ष ठेवा. कोणता आकडा चढतो त्यावरून रोग कळतो.

मेमरी ९० टक्क्यांच्या वर जात असेल तर

ही मेमरी म्हणजे रॅम, कामाचं टेबल समजा. टेबलावर जागा संपली की कॉम्प्युटर सामान हार्ड डिस्कवर ठेवू लागतो. डिस्क रॅमपेक्षा कितीतरी हळू, म्हणून सगळंच रखडतं. ४ जीबी रॅमच्या मशीनवर हा त्रास जास्त. क्रोम, एज, फायरफॉक्स हे ब्राउझर उघडलेल्या पानांसाठी आत वेगवेगळे प्रोग्राम चालवतात. त्यामुळे पंधरा टॅब उघडे म्हणजे टेबलावर पंधरा पसारे.

- चार-पाच टॅबच्या वर उघडू नका. व्हिडिओचा टॅब अर्ज भरताना बंदच ठेवा.
- क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबलं की कोणता टॅब किती मेमरी खातो याची यादी येते. जास्त खाणारा बंद करा.
- क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'परफॉर्मन्स' मध्ये जाऊन 'मेमरी सेव्हर' चालू करा. न वापरलेले टॅब आपोआप झोपवले जातात.
- टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप' भागात कॉम्प्युटर सुरू होताच चालू होणारे प्रोग्राम दिसतात. गरज नसलेले 'डिसेबल' करा. अँटिव्हायरसला मात्र हात लावू नका.

डिस्क सतत १०० टक्के दाखवत असेल तर

कॉम्प्युटर सुरू केल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं असं होणं नेहमीचं आहे. त्यावेळी अपडेट आणि तपासणी चालू असते. त्यानंतरही आकडा उतरत नसेल तर पुढचं पाहा.

सी ड्राइव्ह भरला आहे का? लाल पट्टी दिसत असेल तर मोठे व्हिडिओ पेनड्राइव्हवर हलवा, रिसायकल बिन रिकामा करा. दोन अँटिव्हायरस एकत्र टाकलेले असतील तर एक काढा. दोघं एकाच फाईलवर तुटून पडतात आणि काम रखडतं.

मोबाईलच्या हॉटस्पॉटवर नेट चालवत असाल तर विंडोजच्या वाय-फाय सेटिंग्जमध्ये त्या जोडणीसमोर 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा. त्यामुळे मोठे अपडेट मध्येच डाऊनलोड होऊन डेटा खात नाहीत. मात्र चांगलं नेट मिळेल त्या दिवशी अपडेट आठवणीने करून घ्या.

हार्ड डिस्कमधून टक-टक किंवा खरखर आवाज येत असेल तर बाकी सगळं सोडा आणि आधी महत्त्वाच्या फाईली पेनड्राइव्हवर काढा. तशी डिस्क कधीही बंद पडू शकते.

सीपीयू १०० टक्क्यांवर अडकत असेल तर

दोन कारणं जास्त आढळतात. पहिलं, ब्राउझरला चिकटलेली एक्स्टेन्शन, म्हणजे कधीतरी चुकून 'अ‍ॅड' केलेली छोटी जोड-सॉफ्टवेअर. ओळखायची युक्ती सोपी आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एन दाबून क्रोमची 'इनकॉग्निटो' खिडकी उघडा. तिथे ही जोड-सॉफ्टवेअर सहसा बंद असतात. त्या खिडकीत सगळं सुरळीत चाललं तर संशय एक्स्टेन्शनवर किंवा जुन्या साठवलेल्या फाईलींवर. एक्स्टेन्शनच्या यादीतून अनोळखी नावं काढून टाका. मग कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट दाबून 'कॅश' साफ करा. साफ करताना पासवर्डच्या चौकटीवर खूण नाही ना, ते बघा.

एवढं करूनही फरक नसेल तर ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये 'रीसेट' चा पर्याय आहे. क्रोममध्ये रीसेट केल्याने बुकमार्क आणि जतन केलेले पासवर्ड जात नाहीत.

दुसरं कारण धूळ. पंखा धुळीने भरला की आतली गरमी बाहेर पडत नाही. सीपीयू तापला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. मशीन बंद करून, वायर काढून, मऊ ब्रशने जाळी साफ करा. लॅपटॉप गादीवर किंवा घोंगडीवर ठेवू नका, खालची हवा बंद होते.

व्हिडिओ लावला की स्क्रीन काळी पडते किंवा अडकते

हा दोष अनेकदा ग्राफिक्सचा असतो. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये 'सिस्टीम' भागात 'ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशन' किंवा 'हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन' असा पर्याय असतो. तो बंद करून ब्राउझर पुन्हा सुरू करा. फरक पडला नाही तर परत चालू करून ठेवा.

'शटडाऊन' आणि 'रीस्टार्ट' सारखं नाही

विंडोज १० आणि ११ मध्ये शटडाऊन केल्यावर पुढच्या वेळी लवकर सुरू व्हावं म्हणून सिस्टीमची काही स्थिती साठवून ठेवली जाते. त्यामुळे जुना गुंता कधीकधी तसाच राहतो. रोज शटडाऊन करणाऱ्यांनीही आठवड्यातून एकदा 'रीस्टार्ट' करावं.

विंडोज किती जुनी आहे?

विंडोज ७ ची सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबली. क्रोमनेही २०२३ पासून विंडोज ७ आणि ८ साठी नवी आवृत्ती देणं बंद केलं. जुन्या ब्राउझरवर नवीन वेबसाईट अडखळतात किंवा अर्धवट उघडतात. विंडोज १० चा नियमित आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुन्या मशीनवर बँकेचे व्यवहार टाळलेले बरे.

स्क्रीनवर सायरन आणि फोन नंबर आला तर

हे हँग होणं नाही, ही फसवणूक आहे. पूर्ण स्क्रीनभर लाल इशारा येतो, आवाज होतो, 'तुमचा कॉम्प्युटर लॉक झालाय, या नंबरवर फोन करा' असं दिसतं. फोन केला की समोरचा माणूस कॉम्प्युटरचा ताबा देणारं अ‍ॅप टाकायला लावतो आणि खातं रिकामं करतो. लक्षात ठेवा, मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर नसतो.

एस्केपचं बटण काही सेकंद दाबून धरा. नाहीच सुटलं तर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. पुन्हा उघडल्यावर जुनी पानं 'रिस्टोअर' करू का असं विचारलं तर नकार द्या. कोणालाही ओटीपी किंवा पिन सांगू नका. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या हेल्पलाईनवर तक्रार करा आणि बँकेला कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम थांबण्याची शक्यता जास्त.

दुकानात न्यायचंच झालं तर

आधी फाईलींची कॉपी काढा. मग नेमकं सांगा: कोणता आकडा चढतो, कधी अडकतो, काय काय करून पाहिलं. 'फॉरमॅट करा' असं आपणहून म्हणू नका.

डिस्क जुन्या पद्धतीची असेल तर नवी एसएसडी बसवल्याने सहसा सर्वात जास्त फरक जाणवतो. रॅम वाढवायची असेल तर दोन गोष्टी विचारा. मशीनला डीडीआर ३ लागते की डीडीआर ४, कारण एकाच्या जागी दुसरी बसत नाही. आणि विंडोज ३२ बिट आहे की ६४ बिट. ही माहिती सेटिंग्जच्या 'अबाउट' मध्ये 'सिस्टीम टाइप' समोर दिसते. ३२ बिट विंडोज ४ जीबीपेक्षा जास्त रॅम वापरूच शकत नाही. तिथे नुसती रॅम वाढवली तर पैसे वाया.

आणि अर्जाचं म्हणाल, तर शेवटच्या तारखेच्या चार दिवस आधी बसा. मशीन अडकलं तरी सेतू केंद्र गाठायला वेळ हातात राहतो.