क्रीडमूर येथील नेमबाजांचा जमाखर्च

कौटिल्यानें राज्याचीं सात अंगें मोजतांना दण्डाच्या आधीं कोश गणला आहे. हा क्रम नेमबाजांच्या लहानशा मंडळासहि लागू पडतो, याचें एक उदाहरण न्यूयॉर्कच्या इतिहासांत मिळतें.

अमेरिकेंतील नॅशनल रायफल असोसिएशन ही संस्था इ. स. १८७१ त स्थापन झाली. यादवी युद्धांत शिपायांची नेमबाजी कच्ची ठरली होती. ती सुधारावी, हा संस्थापकांचा हेतु. केवळ वर्गणीवर मैदान मिळणें कठीण. म्हणून १८७२ त न्यूयॉर्क राज्याच्या कायदेमंडळानें २५,००० डॉलर मंजूर केले, मात्र संस्थेनें स्वतः ५,००० डॉलर उभारावे अशी अट घातली. लाँग आयलंडवर क्रीडमूर येथें सुमारें ७० एकर जमीन एका रेल्वे कंपनीकडून घेतली गेली, व १८७३ त तेथें सामने सुरू झाले.

त्याच वर्षीं आयरिश नेमबाजांच्या वतीनें मेजर लीच यांनीं वर्तमानपत्रांतून आव्हान दिलें. तें पत्करलें न्यूयॉर्कच्या अमॅच्युअर रायफल क्लब या लहानशा मंडळानें. पैजेचे ५०० डॉलर मात्र रेमिंग्टन व शार्प्स या बंदुकांच्या कारखान्यांनीं भरले. सामन्यासाठीं मागून भरावयाच्या बंदुकाहि त्यांच्याच. २६ सप्टेंबर १८७४ रोजीं अमेरिकनांस ९३४ व आयरिशांस ९३१ गुण पडले. एका आयरिश नेमबाजाची अचूक गोळी भलत्याच निशाणावर लागून चार गुण बुडाले. ते मिळते तर निकाल उलटला असता.

परंतु या तीन गुणांपेक्षां पैशाचा ओघ अधिक बोलका आहे. जागा मुख्यतः सरकारी पैशाची, पैज कारखानदारांची. १८८० त गव्हर्नर झालेल्या कॉर्नेल यांस नेमबाजीचें अगत्य नव्हतें. सरकारी पाठबळ आटलें. १८९० त मैदान राज्याकडे परत गेलें, १८९२ त सामने न्यू जर्सींतील सी गर्ट येथें हलले, आणि १९१२ त क्रीडमूरच्या भूमीवर मनोरुग्णांची वसाहत झाली.

संग्राहकांस विनंति एवढीच, कीं सनदा व पारितोषिकें जपतांना अशा मंडळांच्या कीर्दी व पावत्या रद्दींत घालूं नयेत. सनद संस्थेचा हेतु सांगते. ती कोणाच्या जिवावर उभी होती, हें कीर्दच सांगते. वर्गणीवर चालणाऱ्या आपल्या संशोधक मंडळांनींहि हा बोध विसरूं नये.