अ‍ॅब्सिसिक आम्ल : एका वनस्पती-संप्रेरकाच्या शोधाचा इतिहास

प्रस्तावना

वनस्पतींना चेतासंस्था नाही. तरीही मुळांभोवतीची माती कोरडी पडू लागली की पानांवरील पर्णरंध्रे मिटू लागतात. या प्रतिसादामागील प्रमुख संकेत-रेणू म्हणजे अ‍ॅब्सिसिक आम्ल होय. हे नाव मात्र ‘छेदन’ किंवा ‘गळ’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलेले आहे. त्यातून पाण्याच्या ताणाचा कोणताही बोध होत नाही. नाव आणि कार्य यांत ही तफावत का पडली, याचा ऐतिहासिक आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

दोन प्रश्न, एक रेणू

कपाशीची पाती व कोवळी बोंडे अकाली का गळतात, हा कॅलिफोर्निया विद्यापीठातील फ्रेडरिक अ‍ॅडिकॉट यांच्या गटापुढील प्रश्न होता. 1963 मध्ये या गटाने कोवळ्या बोंडांपासून गळ घडवणारा एक पदार्थ स्फटिकरूपात वेगळा केला. 225 किलोग्रॅम शुष्क वजनाच्या बोंडांतून केवळ 9 मिलिग्रॅम पदार्थ हाती आला. त्याला ‘अ‍ॅब्सिसिन-2’ असे नाव मिळाले.

त्याच सुमारास वेल्समधील अ‍ॅबरिस्टविथ येथे फिलिप वेअरिंग हे वृक्षांच्या कळ्या हिवाळ्यात सुप्तावस्थेत कशा जातात, याचा शोध घेत होते. सिकॅमोर वृक्षाच्या पानांतील वृद्धिरोधक पदार्थास ‘डॉर्मिन’ म्हटले जाऊ लागले. 1965 मध्ये जॉन कॉर्नफोर्थ व त्यांच्या सहकाऱ्यांनी डॉर्मिन आणि अ‍ॅब्सिसिन-2 हे एकच संयुग असल्याचे दाखवून दिले. एका रेणूस दोन नावे असल्याने गोंधळ होऊ लागला; म्हणून 1967 मध्ये ओटावा येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत ‘अ‍ॅब्सिसिक आम्ल’ हे नाव मान्य झाले. गळ आणि सुप्तावस्था या दोन प्रश्नांपैकी पहिल्या प्रश्नाचा ठसा अशा रीतीने नावात कायम झाला.

ताणाशी संबंध

नामकरणानंतर अवघ्या दोन वर्षांत चित्र पालटू लागले. 1969 मध्ये राइट आणि हायरन यांनी गव्हाची पाने कोमेजताच त्यांतील अ‍ॅब्सिसिक आम्लाचे प्रमाण अनेक पटींनी वाढते, असे नोंदवले. 1970 मध्ये टोमॅटोच्या ‘फ्लॅका’ या उत्परिवर्ती वाणाविषयीचे संशोधन प्रसिद्ध झाले. या वाणाची पर्णरंध्रे नीट मिटत नाहीत व रोप सतत कोमेजलेले दिसते. बाहेरून अ‍ॅब्सिसिक आम्ल दिल्यावर रोप सर्वसामान्य दिसू लागले. संप्रेरक नसल्यास दोष उद्भवतो आणि ते पुरवल्यास दोष नाहीसा होतो, हा कार्यकारणभावाचा सबळ पुरावा होता. दुसरीकडे, बहुतांश वनस्पतींत गळ घडवून आणण्याचे मुख्य कार्य इथिलीनचे आहे, हेही पुढे स्पष्ट झाले. बीजाची सुप्तावस्था टिकवण्यातील अ‍ॅब्सिसिक आम्लाचा वाटा मात्र कायम राहिला.

ग्राहीचा शोध आणि एक माघार

संप्रेरकाचा संकेत पेशीत कोण ओळखतो, हा प्रश्न यानंतर सुमारे चार दशके अनुत्तरित होता. 2006 मध्ये ‘एफसीए’ हे प्रथिन अ‍ॅब्सिसिक आम्लाचे ग्राही असल्याचा दावा ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. इतर संशोधकांना त्या प्रयोगांची पुनरावृत्ती करता आली नाही आणि 2008 मध्ये तो शोधनिबंध मागे घेण्यात आला.

2009 मध्ये अमेरिकेतील शॉन कटलर आणि जर्मनीतील एर्विन ग्रिल यांच्या गटांनी एकाच प्रथिन-कुलाकडे स्वतंत्रपणे निर्देश केला. हे कुल इतकी वर्षे दृष्टीआड राहण्याचे कारण उद्बोधक आहे. अरॅबिडॉप्सिस या वनस्पतीत या कुलातील 14 प्रथिने आहेत. एखादे निकामी झाले तरी इतर प्रथिने त्याची उणीव भरून काढतात. त्यामुळे एकेका जनुकाच्या उत्परिवर्तनातून दोष सहसा दिसत नसे. कटलर यांच्या गटाने वापरलेले पायराबॅक्टिन हे कृत्रिम संयुग त्यांपैकी मोजक्याच प्रथिनांवर कार्य करते, म्हणूनच हा अडसर दूर झाला.

आज ज्ञात असलेली कार्यपद्धती पुढीलप्रमाणे आहे. एरवी एक फॉस्फेटेझ विकर संकेतवाहक कायनेझ विकरास निष्क्रिय ठेवते. अ‍ॅब्सिसिक आम्ल ग्राहीस बांधले गेले की ग्राही त्या फॉस्फेटेझला अडवते आणि कायनेझ मोकळे होते. परिणामी रक्षक पेशींतील आयन व त्यांपाठोपाठ पाणी बाहेर पडते, पेशी शिथिल होतात आणि पर्णरंध्र मिटते. म्हणजेच हे संप्रेरक लगाम लावणाऱ्या घटकालाच आवरून आपले कार्य साधते.

समारोप

वरील इतिहासातून दोन गोष्टी लक्षात येतात. संप्रेरकाचे नाव हे शोधकर्त्यांपुढे त्या वेळी असलेल्या प्रश्नाचे नाव असते. ती त्याच्या कार्याची व्याख्या नसते. तसेच, मागे घेतलेला निबंध हा विज्ञानाचा पराभव नव्हे. पुनर्पडताळणी जिवंत असल्याची ती खूण आहे. पदवी वर्गांत संप्रेरकांची कार्ये कोष्टकरूपाने पाठ करून घेतली जातात, तेव्हा या दोन्ही गोष्टी निसटतात. ‘अ‍ॅब्सिसिक म्हणजे गळ’ असे लिहिणारा विद्यार्थी 1963 च्या उत्तरापाशीच थांबलेला असतो. त्याला पुढील वाटचाल दाखवायची असेल, तर कोष्टकासोबत हा इतिहासही शिकवला गेला पाहिजे.