फिरती बैठक

व्यवहारांत स्नेह आणूं नये आणि स्नेहांत व्यवहार आणूं नये, असा उपदेश आपल्या मध्यमवर्गीय घरांतून मुलांना लहानपणापासून मिळत आला आहे. त्यांत अनुभवाचा अंश आहे हें खरें; उसनवारीपायीं तुटलेला घरोबा कोणीं पाहिला नाहीं? परंतु या उपदेशाची दुसरी बाजू आपण क्वचितच पाहतों. ज्याच्याशीं देवघेव करावयाची त्याला माणूस म्हणून ओळखावयाचेंच नाहीं असें ठरविलें, तर बाजार म्हणजे अनोळखी माणसांची नुसती गर्दी होऊन बसते. ही गर्दी ज्याला असह्य झाली, अशा एका वकिलानें १९०५ सालीं अमेरिकेंतील शिकागो शहरांत एक लहानसा प्रयोग केला. पुढें ‘रोटरी’ या नांवानें जगभर पसरलेल्या संस्थेचा तो उगम होय. तिच्या विस्ताराचें कौतुक पुष्कळांनीं केलें आहे. आम्हांला येथें विचार करावयाचा आहे तो तिच्या पहिल्या चारपांच वर्षांचा. कारण व्यापाऱ्यांची बैठक कशानें जमते आणि कशानें टिकते, या दोन निरनिराळ्या प्रश्नांचीं उत्तरें त्या काळांत सांपडतात.

१८७१ च्या भयंकर आगींतून उठून शिकागो शहर पुन्हा उभें राहिलें होतें, आणि १८९३ सालीं तेथें भरलेल्या प्रदर्शनानें त्याचें वैभव जगाला दिसलें होतें. १९०० च्या खानेसुमारींत त्याची वस्ती सतरा लाखांच्या घरांत गेली. धान्य, मांस, लांकूड व आगगाड्या यांच्या या पेठेंत नशीब काढण्यासाठीं खेड्यापाड्यांतून तरुणांचे लोंढे येत. त्यांतच १८९६ सालीं पॉल हॅरिस हा वकील आला. त्याचा जन्म १८६८ चा. बाळपण वरमाँट प्रांतांतील वॉलिंगफर्ड या गांवीं आजीआजोबांच्या छायेखालीं गेलेलें. गांवांत प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखणारा. शहरांत पक्षकार पुष्कळ, पण रविवारीं ज्याच्या दारीं जावें असा मनुष्य एकही नाहीं. १९०० च्या सुमारास एका वकील मित्रानें त्याला आपल्या घरीं जेवावयास नेलें आणि जेवणानंतर आपल्या वस्तींतून फिरविलें. वाटेंतला प्रत्येक दुकानदार त्या मित्राला नांवानें हांक मारी व तोही थांबून चार शब्द बोले. एवढ्या मोठ्या शहरांतही गांव वसवितां येतें, ही गोष्ट हॅरिसच्या मनांत तेथें रुजली. मात्र तिला अंकुर फुटावयास पांच वर्षें लागलीं.

२३ फेब्रुवारी १९०५ रोजीं, गुरुवारीं संध्याकाळीं, डिअरबॉर्न रस्त्यावरील युनिटी बिल्डिंगच्या ७११ क्रमांकाच्या खोलींत चौघे जमले. हॅरिस वकील, सिल्व्हेस्टर शील कोळशाचा व्यापारी, गस्टेव्हस लोअर खाणींचा इंजिनीअर, आणि हायरम शोरी शिंप्याचा धंदा करणारा. खोली लोअरच्या कचेरीची. त्यांच्यांत नामांकित असा कोणीच नव्हता. पुढली बैठक हॅरिसच्या कचेरींत झाली, तिसरी शीलच्या कोळशाच्या वखारींत. आळीपाळीनें प्रत्येकाच्या धंद्याच्या जागीं जमावयाचें ठरलें, म्हणून फिरती या अर्थाचें रोटरी हें नांव पडलें.

नांवामागील ही युक्ति वाटते तितकी साधी नाहीं. आपल्याकडे भिशी घरोघर फिरते, तेव्हां केवळ पैशाची फेरी होत नाहीं. जिच्या घरीं पाळी असेल तिचें घर, तिचीं माणसें, तिची अडचण आणि तिचा टापटीपपणा हींही सर्वांच्या परिचयाचीं होतात. शिकागोंतही तेंच घडलें. भाड्याच्या दिवाणखान्यांत भेटणारा मनुष्य आपली वरची बाजू तेवढी दाखवितो. वखारींत मात्र त्याचीं मापें, त्याचे नोकर आणि त्याची बोलण्याची रीत झांकून राहत नाहीं. यजमान होणें म्हणजे आपल्या धंद्याची परीक्षा इतरांच्या हातीं देणें होय. शिवाय एका धंद्याचा एकच सभासद घ्यावयाचा, असा नियम होता. त्यामुळें शेजारीं बसलेला मनुष्य आपलें गिऱ्हाईक पळवील ही भीति राहिली नाहीं. एकमेकांना पहिल्या नांवानें हांक मारण्याची चाल पडली. हॅरी रगल्स नांवाचा छापखानेवाला आला आणि त्यानें बैठकींत सामुदायिक गाणीं सुरू केलीं. जर्मन, स्वीडिश, आयरिश अशा निरनिराळ्या कुळांचे आणि निरनिराळ्या धर्मपंथांचे लोक एका टेबलाशीं बसूं लागले.

बैठक जमली ती अशी. पण जमलेली बैठक मोडण्याचें बीजही तिच्या पोटांतच होतें. १९०६ च्या आरंभीं मंडळाची घटना झाली, तींत दोन उद्देश नमूद झाले: सभासदांच्या धंद्याची वृद्धि, आणि स्नेहसंवर्धन. यांपैकीं पहिल्यानें दुसऱ्याला गिळण्यास आरंभ केला. कोणीं कोणाला किती काम मिळवून दिलें याचा हिशेब ठेवण्यासाठीं मंडळांत एक खास अधिकारी नेमला होता. सभासदांनीं दिलेल्या व घेतलेल्या धंद्याची नोंद त्याच्याकडे होई. म्हणजे मैत्रीला खतावणी आली! खतावणींत जमा आणि नांवें या दोनच बाजू असतात. ज्याच्या नांवें बाकी निघाली तो ओशाळतो. ज्याची जमा मोठी तो मनांत कुरकुरतो. अशा रीतीनें स्नेहाचें रूपांतर वसुलींत होण्यास वेळ लागत नाहीं.

हा धोका प्रथम ओळखला तो एका बाहेरच्या माणसानें. डोनाल्ड कार्टर नांवाच्या पेटंटविषयक वकिलाला त्याच वर्षीं सभासद होण्याचें निमंत्रण गेलें. सभासदांखेरीज इतर कोणाच्या उपयोगी हें मंडळ पडतें काय, असें त्यानें विचारलें. पडत नाहीं असें कळतांच तो आंत येण्यास नाखूष झाला. तरीही या टीकेनें मंडळ रुसलें नाहीं. शिकागो शहराच्या हिताचा तिसरा उद्देश घटनेंत घालण्यांत आला आणि कार्टर सभासद झाला. १९०७ सालीं या उद्देशाला अनुसरून मंडळानें शहराच्या मध्यभागीं सार्वजनिक शौचगृहें बांधविण्याची चळवळ हातीं घेतली. काम दिखाऊ नव्हतें, त्यांतून एक डॉलरचाही धंदा मिळण्यासारखा नव्हता, आणि दारूविक्रेते व मोठे दुकानदार यांचा त्याला विरोध होता. कारण त्या सोयीच्या निमित्तानेंच कित्येक गिऱ्हाइकें त्यांच्याकडे येत. आमच्या मतें मंडळाला खरें आयुष्य लाभलें तें या कामानें. एकमेकांकडे हिशेबी नजरेनें पाहणारीं माणसें प्रथमच एका दिशेनें पाहूं लागलीं.

यापुढील वाढ झपाट्याची आहे. १९०८ सालीं सॅन फ्रॅन्सिस्कोंत दुसरा क्लब निघाला, १९१० सालीं सोळा क्लबांचें संमेलन भरलें, १९२० पर्यंत ही लाट कलकत्त्यास पोंचली व १९२९ सालीं मुंबईस. परंतु दोषही वाढीबरोबर आले. सिंक्लेअर लुईस यानें १९२२ च्या ‘बॅबिट’ या कादंबरींत अशा क्लबांतील पोकळ उत्साहाची यथेच्छ थट्टा केली. स्त्रियांना तर या संस्थेनें १९८९ पर्यंत दार उघडलें नाहीं, आणि तेंही अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९८७ सालीं प्रतिकूल निकाल दिल्यानंतर. स्नेहाचें वर्तुळ जितकें घट्ट, तितके त्याच्या बाहेर राहणारे अधिक, हें विसरून चालावयाचें नाहीं.

असें असूनही मूळचा प्रयोग फसला असें कोण म्हणेल? पहिल्या चौघांपैकीं लोअर व शोरी लवकरच दूर झाले. पण मंडळाचा पहिला अध्यक्ष शील आणि हॅरिस हे जन्मभर मित्र राहिले. शील १९४५ सालीं वारला, हॅरिस १९४७ सालीं, आणि दोघांच्या समाध्या शिकागोच्या एकाच दफनभूमींत जवळ जवळ आहेत. त्या चाळीस वर्षांत कोळसेवाल्यानें वकिलाला किती कज्जे दिले आणि वकिलानें कोळसेवाल्याकडून किती कोळसा घेतला, याची कोणास आज पर्वा आहे?

आपल्या गांवांतील व्यापारी, कारागीर व कारखानदार यांस एकत्र बोलाविण्याचें ज्यांच्या मनांत असेल, त्यांनीं मोठें सभागृह आणि मोठा वक्ता यांच्या शोधांत प्रथम शिरूं नये. आपल्याच दुकानाच्या मागल्या खोलींत चार खुर्च्या मांडाव्या, पुढची पाळी दुसऱ्याला द्यावी, आणि वही उघडण्याचा मोह झाल्यास गांवाचें एखादें अडलेलें काम सर्वांनीं मिळून उचलावें. धंदा त्यानंतर आपल्या पायांनीं येतो. आणि न आला तरी माणूस आलेला असतो.