खिशांतील कॅमेरा

कोणत्याही यंत्राची परीक्षा करूं लागलें म्हणजे परीक्षकाची दृष्टि सहजच त्याच्या सामर्थ्याकडे वळते. भिंग किती प्रखर, चित्र किती सूक्ष्म, किंमत किती, एवढे प्रश्न विचारले कीं कॅमेऱ्याची परीक्षा पुरी झाली असें मानण्याची चाल पडली आहे. परंतु नित्य जवळ बाळगण्यासाठीं व प्रवासांत नेण्यासाठीं घडविलेल्या लहान, देखण्या कॅमेऱ्यास हें माप पुरत नाहीं. त्याची पहिली कसोटी निराळीच आहे. दृश्य डोळ्यांपुढें उभें राहील त्या क्षणीं तो आपल्याजवळ असेल काय? ह्या एका प्रश्नानें लहान कॅमेऱ्याचा सव्वाशें वर्षांहून अधिक काळाचा इतिहास घडविला, आणि त्याच प्रश्नानें अखेर त्याचें आसनही डळमळीत केलें.

१८३९ सालीं डागेर याची कृति पॅरिस येथें प्रकट झाली. त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षें छायाचित्र काढणें हें मोठ्या सरंजामाचें काम होतें. ओल्या कांचेच्या पद्धतींत तर तिवई, रसायनांच्या बाटल्या आणि काळोखा तंबू बरोबर घेतल्यावांचून प्रवाशास गत्यंतर नसे, कारण कांचेवरील लेप वाळण्यापूर्वींच चित्र घेऊन तें धुवावें लागे. साहजिकच जें स्थिर राहूं शकतें तेंच चित्रांत येई : किल्ले, देवळें, पर्वत, आणि मानेमागें आधार देऊन निश्चल बसविलेलीं माणसें. चालतें बोलतें जग मात्र बाहेरच राहिलें.

१८८८ सालीं अमेरिकेंत जॉर्ज ईस्टमन यानें ‘कोडॅक’ नांवाची पेटी पंचवीस डॉलरला विकावयास काढली. तींत शंभर चित्रांची फिल्म आधींच भरलेली असे. ती संपली म्हणजे सबंध पेटीच रॉचेस्टरच्या कारखान्याकडे पाठवावयाची. दहा डॉलर घेऊन कारखाना चित्रें धुऊन देई आणि नवी फिल्म भरून पेटी परत करी. चित्रें लहान व वाटोळीं. त्या काळच्या निष्णात छायाचित्रकारांच्या कांचेपुढें त्यांची मातबरी ती काय? परंतु ज्यास रसायनाचें अक्षर ठाऊक नाहीं अशा मनुष्याच्या हातीं कॅमेरा आला, आणि हा लाभ चित्राच्या सूक्ष्मतेहून मोठा ठरला.

१९१२ सालच्या ‘व्हेस्ट पॉकेट कोडॅक’नें ह्याच्याही पुढची पायरी गांठली. घडी घातली कीं हा कॅमेरा जाकिटाच्या खिशांत जाई. नांवही त्यावरूनच पडलेलें. त्याचें खरें महत्त्व एका दुःखद घटनेनें जगापुढें आणलें. ८ जून १९२४ रोजीं मॅलरी व अर्व्हाइन हे दोघे इंग्रज गिर्यारोहक एव्हरेस्टच्या शिखराच्या रोखानें चढतांना दिसेनासे झाले. सहकारी सॉमरव्हेल यांचा असाच एक खिशांतला कॅमेरा त्यांच्याबरोबर होता असें मानतात. १ मे १९९९ रोजीं मॅलरीचा देह सांपडला. कॅमेरा सांपडला नाहीं. २०२४ सालीं अर्व्हाइनच्या पायाचे अवशेष हिमनदींत मिळाले. कॅमेरा तेव्हांही मिळाला नाहीं. ते दोघे शिखरावर पोहोंचले होते काय, ह्याचें उत्तर कदाचित त्या इवल्याशा डबींतील फिल्मवर बर्फांत पडून असेल. ती डबी शोधणाऱ्यांपैकीं कोणीही तिचें भिंग कसें होतें हें विचारीत नाहीं. ती खिशांत होती, एवढ्यावरच तिचें सारें मोल आहे.

तथापि केवळ जवळ असणें पुरेसें नाहीं; चित्र पाहण्याजोगेंही उतरलें पाहिजे. ह्या दोन गरजांची सांगड जर्मनींत ऑस्कर बार्नाक यानें घातली. त्याचा ‘लायका’ १९२५ सालीं लायप्झिगच्या जत्रेंत मांडला गेला. सिनेमाच्या फिल्मवर २४ × ३६ मिलिमीटरचें लहान चित्र घ्यावयाचें आणि मागाहून तें मोठें करावयाचें, ही त्यांतील युक्ति. पुढील अर्धशतकांत ह्या मापाच्या कॅमेऱ्यांत जपानी कारखानदारांनीं प्रावीण्य मिळविलें, आणि देखणेपणाचा प्रश्न खऱ्या अर्थानें पुढें आला तो त्यांच्याच हातून.

१९९६ सालीं कॅनन कंपनीनें ‘इक्सस’ नांवाचा स्टेनलेस स्टीलचा छोटा कॅमेरा काढला. चौकट आणि तींत बसविलेलें वर्तुळ, एवढीच त्याची आकृति; पण ती हातांत घ्यावीशी वाटे. त्या वेळीं त्यांत फिल्मच होती. २००० सालीं त्याच रूपांत ‘डिजिटल इक्सस’ आला : जाडी सुमारे २७ मिलिमीटर, वजन दोनशें ग्रॅमच्या आंत, एकवीस लाख चित्रबिंदु आणि दुप्पट झूम. त्याचा बाह्य डौल हा निव्वळ नखरा नव्हता. ओबडधोबड पेटी कपाटांत राहते. सुबक वस्तु मनुष्य आपण होऊन खिशांत घालतो. म्हणजे येथें सौंदर्य हें उपयुक्ततेचेंच एक अंग होतें.

ह्या सुबकपणाची किंमतही चोख मोजावी लागली. प्रकाश टिपणारा त्याचा सेन्सर क्षेत्रफळानें लायकाच्या चित्राचा सुमारे चाळीसावा भाग होता. उन्हांत चित्र झकास येई, परंतु दिवेलागणीच्या वेळीं खोलींत तोच कॅमेरा चांचपडूं लागे. फ्लॅश लावावा तर तो भिंगाच्या अगदीं निकट असल्यामुळें माणसांचे डोळे लाल उमटत. २००२ सालीं कॅसिओनें ‘एक्झिलिम’ची जाडी सुमारे ११ मिलिमीटरपर्यंत उतरविली, पण त्यासाठीं झूमलाच रजा दिली. खिशांत जागा मिळविण्यासाठीं कांहीं ना कांहीं सोडावेंच लागतें.

लोकांनीं हा सौदा आनंदानें पत्करला. जपानी कॅमेरा-उत्पादकांच्या संघाच्या आंकड्यांप्रमाणें २०१० सालीं १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांबाहेर पडले, आणि त्यांतील १० कोटींहून अधिक भिंग न बदलतां येणारेच होते. २०२३ सालीं ह्या दुसऱ्या वर्गाची संख्या १७ लाखांच्या आसपास उरली. हें स्मार्टफोननें केलें, आणि आरंभीं तरी तें चांगल्या चित्रामुळें केलें नाहीं. त्यांतलें चित्र बरेंच निकृष्ट होतें. पण तो बोलण्यासाठीं आधींच खिशांत होता. पेटीनें ज्या न्यायानें तंबूस हरविलें, त्याच न्यायानें मोबाइलनें पेटीस हरविलें. चित्र सुधारणारें गणित मागाहून आलें.

मग आज असा कॅमेरा घ्यावा काय? २०२५ सालीं कॅननने २०१६ च्या एका इक्ससवर्गीय कॅमेऱ्याची किंचित बदललेली आवृत्ति पुन्हा बाजारांत आणली. म्हणजे मागणी अगदींच निमालेली नाहीं. परंतु आमच्या मतें, जुन्या मापाचा सेन्सर असलेला केवळ देखणा कॅमेरा आतां दुसरा खिसा अडविण्यास पात्र नाहीं. मोबाइलपाशीं नाहीं असें कांहीं तरी त्यानें दिलें पाहिजे : दूरचें दृश्य जवळ आणणारें खरें झूम, किंवा २०१२ च्या सोनी आरएक्स १०० प्रमाणें, डिजिटल इक्ससच्या सुमारे पांचपट क्षेत्रफळाचा सेन्सर. एक गुण मात्र साध्यांतल्या साध्या कॅमेऱ्यापाशींही आहे. तो हातांत असतां दुसरें कोणी बोलावीत नाहीं. पाहणारा पाहतच राहतो. प्रवाशाला हा लाभ थोडका नव्हे.

देखणेपणाविषयीं शेवटचा निर्णय असा कीं, जोंवर रूपामुळें वस्तु बरोबर नेली जाते तोंवर तें रूप गुणच आहे. तीच वस्तु घरीं ठेवून मनुष्य बाहेर पडूं लागला म्हणजे तें अलंकार होऊन बसतें. विकत घेणारानें दुकानांत भिंगाचे आंकडे जरूर वाचावे. पण त्याआधीं स्वतःस विचारावें कीं, महिन्यानंतर घरांतून निघतांना आपला हात ह्याच्याकडे वळेल काय?