चौतीसशे की अठराशे?

१ डिसेंबर १९७४, रविवार. सकाळचे अकरा वाजून गेलेत. टीडब्ल्यूए या विमान कंपनीच्या ५१४ क्रमांकाच्या उड्डाणात, बोइंग ७२७ च्या कॉकपिटमध्ये तिघांच्या मागे तुम्ही अंग चोरून बसला आहात. तुम्ही कुणाला दिसत नाही, ओरडलात तरी ऐकू जाणार नाही. कोलंबसहून निघालेलं हे विमान वॉशिंग्टनच्या नॅशनल विमानतळावर उतरायचं होतं, पण तिथे आडवा वारा फार, म्हणून डलेसकडे वळवलंय. काचेबाहेर नुसता ढग आणि पाऊस. खड्ड्यांच्या रस्त्यावरच्या एसटीसारखं सगळं खडखडतंय.

डलेस ४४ मैलांवर असतानाच कंट्रोलरने उतरायला ‘क्लिअर्ड’ म्हटलं आणि विमान १८०० फुटांकडे निघालं. आता जरा मान पुढे काढून कॅप्टनच्या नकाशात बघा. राउंड हिल नावाच्या खुणेपर्यंत किमान उंची ३४०० फूट. १८०० तिच्या पुढे. कॅप्टनलाही हा आकडा खटकतो. तो नकाशावर वैतागतो, तिघे दोन शब्द बोलतात आणि एवढ्या लांबून क्लिअर केलंय त्या अर्थी खाली जायला हरकत नसणार, असं ठरतं. कंट्रोलरच्या लेखी मात्र उंची सांभाळणं वैमानिकाचं काम. शब्द एकच, आणि दोन्ही बाजूंना वाटतंय की डोंगराची काळजी पलीकडचा घेतोय.

भोंगा वाजतो. तुम्ही वेळेत निसटा. बाकीच्यांना ती सोय नाही. ११ वाजून ९ मिनिटांनी माउंट वेदरच्या पश्चिम उतारावर, साधारण १६७० फुटांवर, ९२ जण जागच्या जागी संपतात. 

आता सहा आठवडे मागे या. तोच डोंगर, तोच नकाशा, तोच गैरसमज, विमान मात्र युनायटेड या दुसऱ्या कंपनीचं. हे थोडक्यात वाचतं. खाली उतरल्यावर वैमानिक हादरलेत, पण गप्प बसत नाहीत. त्यांच्या कंपनीने त्याच वर्षी अशा गोष्टी निर्धास्तपणे सांगण्याची सोय केली आहे. ते कळवतात आणि कंपनी आपल्या वैमानिकांना सावध करते. आपल्या! तो इशारा टीडब्ल्यूएच्या त्या तिघांपर्यंत पोचत नाही. पुढे चौकशी मंडळाने तीन विरुद्ध दोन मतांनी मुख्य ठपका वैमानिकांवर ठेवला. मला विचाराल तर त्या निकालापेक्षा हे सहा आठवडे जास्त बोचतात.

मग १९७६. मधल्या काळात अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने, एफएएने, वैमानिकांना चुका आमच्याकडे कळवा म्हणून सांगून पाहिलंय. पण छडी ज्याच्या हातात, त्याच्याकडे आपण होऊन कोण जाणार? म्हणून या चुका ऐकून घ्यायचं काम नासाच्या एम्स केंद्राकडे आलंय. नासाला कुणाचं लायसन्स काढून घेता येत नाही, हीच तिची लायकी. दहा दिवसांत कळवलं, चूक मुद्दाम केलेली नसली, तर दंडातूनही बहुधा सुटका. अपघात आणि गुन्हे मात्र त्यात बसत नाहीत.

आज विमान कंपन्यांत ‘एसएमएस’ म्हणतात ती सुरक्षा व्यवस्थापन प्रणाली अशाच कळवलेल्या चुकांच्या कागदांवर जगते. धोका आधी हेरायचा. तो किती वेळा उद्भवेल आणि उद्भवला तर किती महागात पडेल, हे दोन्ही तोलायचं. उपाय करायचा आणि तो लागू पडतोय का, हे पुन्हा बघायचं. जबाबदारी एका ठरलेल्या वरिष्ठाच्या गळ्यात, म्हणजे पैशाअभावी राहिलं म्हणायची सोय नाही. आंतरराष्ट्रीय संघटना आयकाओने २०१३ साली यासाठी स्वतंत्र परिशिष्टच आणलं, एकोणिसावं. ऐकायला रुक्ष आहे खरं. पण कागद वर जायची वाट बंद असेल, तर हे सगळं फायलीतच राहतं.

म्हणून पुन्हा १९७६ मध्ये, एम्समधल्या टेबलाशी थोडं थांबा. एका वैमानिकाचा फॉर्म आलाय. वरच्या पट्टीवर नाव, पत्ता, फोन. टेबलामागचा माणूस तो फॉर्म वाचतो. काही अडलंच, तर फोन करून विचारतो. मग पट्टी कापतो, तारखेचा शिक्का मारतो आणि पाकिटात घालून ज्याची त्याला परत पाठवतो. टेबलावर उरतो तो बिननावी कागद: कुठल्या डोंगराजवळ, कुठल्या उंचीवर, काय गैरसमज झाला.