शब्दवेध : फेदर

घाटकोपर, मुलुंड, बोरिवली. स्टेशनबाहेरच्या कुठल्याही फ्लेक्सवाल्याकडे वाढदिवसाचा बॅनर करायला द्या, 'कडेला जरा फेदर दे' हे वाक्य कानावर पडतंच. उत्सवमूर्तीचा चेहरा कात्रीनं कापून डकवल्यासारखा दिसू नये, म्हणून निवडीची कड मऊ करायची, एवढाच त्याचा अर्थ.

फेदर म्हणजे पीस. पिसाची कड एका रेषेत तुटत नाही, विरत जाते. रंगाची किंवा लाकडाची कड अशी विरवण्याला इंग्रज कारागीर आधीपासून हेच म्हणत. 1990 साली आलेल्या फोटोशॉपनंही तोच शब्द उचलला. मूळ शोधत गेलं तर हा आपल्याच गोतावळ्यातला निघतो. संस्कृतात 'पत्' म्हणजे उडणं आणि 'पत्र' म्हणजे पंखही. आपलं पत्र, पतंग आणि इंग्रजांचं पेनसुद्धा याच कुळातलं.

फेदर दिलं की कडेचे पिक्सेल 'आत' किंवा 'बाहेर' एवढेच उरत नाहीत. पूर्ण निवडीच्या 255 पासून काहीच न निवडल्याच्या शून्यापर्यंत पायरी पायरीनं उतरतात. पडद्यावर निवडीभोवती मुंग्यांसारखी पळणारी तुटक रेघ फक्त निम्म्यावरची पायरी दाखवते. म्हणून रेघ जागच्या जागी दिसते आणि कड मात्र तिच्या दोन्ही बाजूंना पसरलेली असते.

फेदर मोजतात पिक्सेलमध्ये, आणि पाच पिक्सेल म्हणजे छापताना 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) अर्धा मिलिमीटरही नाही, 72 ला मात्र पावणेदोन. तेव्हा फेदर किती द्यायचं ते सांगण्याआधी फाइल किती डीपीआयची आहे, ते विचारा.